ताईंच्या गटात

दाराआडून पुन्हा हसण्याचा आवाज आला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईच्या काळजात चर्र झालं. ते हसू तिच्या मुलाचं होतं. घरात ते ऐकून वर्ष उलटलं होतं.

शाळेत एकाचं नाक फोडलं, पाठोपाठ घरी तिच्यावर हात उचलला, तेव्हा त्याला या गटात पाठवलं. सगळी अशीच डोक्यात राख घालणारी पोरं. समुपदेशक ताई त्यांना गोल बसवायच्या आणि फिरून फिरून एकच विचारायच्या, तेव्हा समोरच्याच्या मनात काय चाललं असेल?

आई कपडे शिवून घर चालवायची. उसवलेलं आपणच जोडायचं, ही तिची सवय. आणि इथे एका परक्या बाईने तिच्या पोराला बोलतं केलं होतं. घरी तो "हं" आणि "नको" यापलीकडे जात नसे. पोरगा निवळतोय याचा तिला धड आनंदही होत नव्हता.

त्या दिवशी ताईंनी तिलाही आत बोलावलं.

"मी मारलं तेव्हा ही नुसती बघत राहिली," मुलगा ताईंकडे बघत म्हणाला.

"काय असेल तिच्या मनात?"

"टरकली असणार," शेजारचा जाड्या म्हणाला.

"गप रे. घाबरली नव्हती ती." तो अडखळला. "तिला माझ्यात बाबा दिसले."

खरं होतं. आईने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने ओळखलं होतं. सांगितलं मात्र ताईंना.

"आणि तेव्हा याच्या मनात काय होतं? तुम्ही सांगा," ताई तिला म्हणाल्या.

त्याला कुठल्या कुशीवर झोप लागते, कॉलर कुठे टोचते, सगळं तिला पाठ होतं.

"नाही माहीत मला."

मुलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

बसथांब्यावर तिने धीर करून विचारलं, "काय होतं रे तेव्हा तुझ्या मनात?"

"इथे नको. पुढच्या वेळी सांगतो. ताईंसमोर."

मी आई आहे तुझी, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"बरं. येईन मी."

बसमध्ये एकच जागा रिकामी होती.

"बस तू," तो म्हणाला, आणि दांडा धरून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.