माझ्याविना झालेलं काम

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हते. जिला उपटून बाजूला काढलं, तिनंच त्या दिवसाची फुशारकी मारायची म्हणजे जरा अतिच. पण राहवत नाही.

मी एक जुनी निळी केबल आहे. नेटची. झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवरच्या डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत जाते. कारखान्यात माझ्या पोटात आठ बारीक तारा पिळून घातल्या, टोकांना पारदर्शक टोप्या चढवल्या, आणि तेव्हापासून मी लोकांची ओझी वाहतेय. निकाल, अर्ज, फोटो, काय वाट्टेल ते. नेट चाललं की कौतुक कॉम्प्युटरचं, अडलं की शिव्या मला. खुर्चीचं चाक तर रोजच अंगावरून जातं.

दुकानदार सगळं धडपडत स्वतःच शिकलेला. त्याचा शाळेपासूनचा दोस्त बस चालवायचा, पण आठ महिने आजारी रजेवर होता. एका दुपारी तो पेनड्राइव्ह मुठीत धरून आला.

"दवाखान्याच्या कागदांची चौसष्ट पानांची पीडीएफ आहे. डेपोला शेवटची दोनच हवीत, गाडी चालवायला फिट असल्याची. पाचच्या आत मेल गेला तर उद्या ड्युटी. नाहीतर माझी गाडी दुसऱ्याला."

"दोन मिनिटांचं काम!" दुकानदारानं सवयीनं पीडीएफ कापून देणारी एक फुकटची साइट उघडली. दोस्तानं त्याचा हात धरला.

"फाइल जाते कुठं?"

"त्यांच्या कॉम्प्युटरवर. तिथं कापतात, परत पाठवतात."

"आणि ठेवून घेतली तर? डॉक्टरांपुढं रडलोय मी त्या पानांत, लेका."

दुकानदारानं वरमून ती साइट बंद केली. मीही वरमले. अशी कोणाकोणाची पानं मी बिनदिक्कत नेली असतील!

"थांब," तो म्हणाला. "दुसरी एक साइट आहे, ती इथंच ब्राउझरमध्ये कापते. बाहेर काही पाठवतच नाही. आपलं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"असं ते म्हणतात. तू पाहिलंस?"

"आत्ता बघ!" त्यानं ती साइट उघडली आणि लगेच मला उपटलं.

घाई नडली. साइट अर्धीच उघडली होती. स्क्रीन पांढरीफटक.

"शाबास! आता कात्री आण," दोस्त म्हणाला. पाचाला वीस मिनिटं उरली होती.

मला परत खोचलं. सगळं नीट उघडू दिलं. मग मला काढून दुकानदारानं थेट दोस्ताच्या हातात दिलं. "धर. रस्ताच तुझ्या मुठीत आहे. आता जाईल कुठून?" आणि स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "फाइल तूच उघड. पानांचे नंबरही तूच टाक."

एका मुठीत मला धरून दोस्तानं दुसऱ्या हातानं फाइल उघडली, नंबर टाकले. त्रेसष्ट ते चौसष्ट. बटण दाबलं. मी लोंबकळतेय, आणि स्क्रीनवर दोन पानांची वेगळी फाइल हजर!

तो असा ओरडला की लॅमिनेशनला आलेल्या काकू दचकल्या. मग ती साइट बंद करून मला खोचलं, आणि मी ती दोनच पानं डेपोत पोचवली. पाचाला सहा मिनिटं असताना! इतकं हलकं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं, आणि इतक्या ऐटीत तर नाहीच.

मित्रांनो, आम्हाला ओढू नका, टोपीवरची कळ दाबून काढा. आणि कोणाची फाइल हाती आली तर ती कुठं जाणार, हे आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून जाताना बसनं असा हॉर्न दिला की काचा थरथरल्या. ड्युटी संपवून, खाकी शर्टातच, दोस्त आत आला.

"त्या पानांत काय आहे, तू एकदाही विचारलं नाहीस."

"विचारणारही नाही," दुकानदार म्हणाला. "पण तुला सांगावंसं वाटलं तर कधीही ये. शटर ओढून घेईन आणि शेवटपर्यंत ऐकेन. शब्द देतो."