नावाडीण गेल्यानंतरचं बेट

वाल्मिक फौजेत असताना महूच्या छावणीत नव्या जवानांना नकाशा वाचायला शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी जवळच्याच शहरात, सुदामा नगरात घर बांधलं. तिथे पत्नी कौसल्याबरोबर वीस वर्षं चांगली गेली. मागच्या वर्षी कौसल्या गेली आणि त्यांचं बोलणंच आटलं. मुलगी प्रीती पलासियातल्या ऑफिसातून घरी यायची, तर ते दुपारी बसलेल्या खुर्चीतच असायचे.

प्रीतीच्या ऑफिसातल्या मोहनने तिला एक जुना कंप्युटर गेम दिला. तलवारी, जादूगार, डोंगर आणि समुद्र असलेलं एक भलंमोठं जग. यात कुठे जायचं ते कोणी बाण दाखवून सांगत नाही, लोकांना विचारून आपणच रस्ता शोधायचा, असं तो म्हणाला होता. प्रीतीने तो लॅपटॉपवर घातला आणि पप्पांसमोर ठेवला. पोरखेळ आहे म्हणत त्यांनी दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा टेबलावर आलेखाचा कागद पसरलेला होता आणि वाल्मिक त्यावर पेन्सिलीने नदी काढत होते.

मग रोजचंच झालं. आणि रोजची चिडचिडही. त्यांचा योद्धा इतका हळू चालायचा की एका गावाहून दुसऱ्या गावी जाईपर्यंत चहा गार व्हायचा. तलवार समोरच्या उंदराच्या अंगातून आरपार दिसायची, तरी वार चुकला म्हणून खाली लिहून यायचं. एका गुराख्याने पुलापासून पूर्वेला गुहा आहे असं सांगितलं. वाल्मिकांनी चार दिवस पूर्व पिंजून काढली आणि गुहा निघाली पश्चिमेला. ज्याने हे लिहिलं त्याला दिशासुद्धा समजत नाहीत, असं ते जेवताना तावातावाने सांगत होते. किती तरी महिन्यांनी ते जेवताना इतकं बोलले होते.

खेळातल्या गोष्टीचा मुख्य रस्ता समुद्रातल्या एका बेटावर जात होता आणि तिथे नेणारी एकच नावाडीण होती. पांढऱ्या केसांची, फटकळ. वाल्मिकांना ती आवडायची. काम नसलं तरी तिच्याशी बोलायला ते किनाऱ्यावर जायचे. एका सकाळी बोलण्याच्या बटणाऐवजी चुकून वाराचं बटण दाबलं गेलं. इतके दिवस चुकणारी तलवार नेमकी तेव्हा लागली. नावाडीण वाळूवर पडली, आणि आता ही गोष्ट पूर्ण होऊ शकणार नाही, असं पडद्यावर आलं.

संध्याकाळी प्रीतीने पाहिलं. वाल्मिक खेळ बंदच करत नसत, त्यामुळे तो शेवटचा सेव्ह केला होता नऊ दिवसांपूर्वी.

"पप्पा, तिथून परत सुरू करा ना. ती जिवंत असेल."

"नाही बेटा," वाल्मिक म्हणाले. "जे झालं ते झालं. आता हिच्याशिवाय किती दूर जाता येतं ते बघतो."

प्रीतीला रात्री पडल्या पडल्या ते वाक्य आठवत राहिलं. वाल्मिकांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ उरकून नवा कागद घेतला. किनाऱ्याची पाहणी केली, फौजेत करायचे तशी, तुकडा तुकडा पाडून. उत्तरेच्या टोकाला पाण्याचा रंग थोडा फिका होता. तिथे त्यांचा योद्धा पाण्यात शिरला, तर पाणी कमरेच्या वर चढलं नाही. वाळूचा एक लांब दांडा पाण्याखालून थेट बेटापर्यंत गेला होता. ज्यांनी हे जग बनवलं त्यांनी ही वाट कुठेच सांगितली नव्हती, पण अडवलीही नव्हती.

बेटावर दरवाजा होता आणि दरवाज्यावर पहारेकरी. तो काही बोलेना. नावेतून न आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तोंड उघडायचा आणि मिटायचा. वाल्मिक हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्यांनी प्रीतीला ऑफिसात फोन लावला. तिला वाटलं, काही तरी झालं. पण पप्पा फोनवर हसत होते, आणि मध्येच म्हणाले, "अगं, तुझ्या मम्मीने हे पाहायला हवं होतं." वर्षभरात कौसल्याचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

प्रीती त्या दिवशी लवकर निघाली. घरी आली तर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. वाल्मिकांनी तिला तो मुका पहारेकरी दाखवला, मग दरवाजा सोडून बेटाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथून एक बर्फाचा डोंगर दिसत होता, नकाशावर अजून न काढलेला. तिथे काय आहे असं तिने विचारलं. माहीत नाही, म्हणत त्यांनी माऊस तिच्याकडे सरकवला आणि आधी सेव्ह करायला लावलं.