मोरघारीचा पत्ता

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "कळस गावाजवळ मोरघारीचं घरटं आहे. एक पिल्लू आहे." आणि माझी टिंगल सुरू झाली.

मोरघार म्हणजे दाट जंगलातला शिकारी पक्षी, डोक्यावर लांब काळा तुरा. आमच्या उसाच्या पट्ट्यात ती राहते यावर कोण विश्वास ठेवणार! ग्रुपचे ॲडमिन बारामतीचे विजयसिंह. त्यांनी लिहिलं, "प्रमोदिनीताई, साधी घार असेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्या." खाली हसण्याच्या चित्रांची रांग. वालचंदनगरात चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला घार ओळखता येत नाही म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी मुलगी श्रिया कॅमेरा घेऊन पुण्याहून आली. घरटं कळसचे शेतकरी दत्तोबा यांच्या रानातल्या जुन्या आंब्यावर होतं. फोटो झकास आला, तुऱ्यासकट. मी तो लगेच टाकला.

विजयसिंहांचं उत्तर आलं, "हा भीमाशंकरचाही असू शकतो. रविवारपर्यंत लोकेशन टाका, नाहीतर नोंद खोटी म्हणून काढतो."

मी बोट फोनवर ठेवून आंब्याखाली बसले. खरं सांगते, मला ते लोकेशन टाकायचंच होतं. त्या हसणाऱ्यांची तोंडं बघायची होती.

दत्तोबा म्हणाले, "टाका की बाई. तुमचंच नाव व्हईल. पर मागल्या साली घुबडाचं काय झालं, तुमी बगितलंय."

बघितलं होतं. घुबडाच्या घरट्याचा पत्ता मीच दिला होता. तीस-चाळीस कॅमेरे आले, फांद्या तोडल्या, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून आईला बोलावलं. ती घरटं सोडून गेली ती गेलीच. तिची पिल्लं मी माझ्या हातांनी पुरली.

मी ग्रुपवर लिहिलं, "खुशाल काढा नोंद. खोटारडी म्हणा. पत्ता मिळणार नाही." नोंद निघाली. हसणारे पुन्हा हसले. मला फार लागलं, ते का लपवू?

तीन आठवड्यांनी पिल्लू आंब्यावरून उडून कालव्याकाठच्या चिंचेवर जाऊन बसलं. दत्तोबा आणि मी वेड्यासारखे हसत होतो, तेवढ्यात विजयसिंहांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"ताई, तो फोटो मी तज्ज्ञांना दाखवला. मोरघारच आहे. मला एकट्याला सांगा ना कुठं आहे."

चिंचेवर पिल्लानं तुरा उभारला.

"साधी घार आहे हो," मी म्हटलं. "माझ्याच चष्म्याचा नंबर वाढलाय."