हळदीचा लाल कागद

मी एक जुने बावखल आहे. भुईगावात दिनानाथच्या वाडीत, सोनचाफ्याच्या झाडांमध्ये माझा मुक्काम. बावखल म्हणजे वाडीतले लहानसे तळे. दिनानाथच्या आजोबांनी मला खणले. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी माझे पाणी गोड लागले, म्हणून त्यांनी नारळ फोडला. माझ्या पाण्यावर चाफा फुलला, फुले दादरला गेली, घरातली पोरे शिकली. तेव्हा माझे कोण कौतुक!

मग दिनानाथच्या मुलाने, सिद्धेशने, वाडीमागे रिसॉर्टच्या चादरी धुण्याचा धंदा टाकला. सांडपाण्याचा पाइप नाल्यापर्यंत न्यायचा त्याला कंटाळा. कर्दळीच्या आडून त्याने तो माझ्यातच सोडला. माझे मासे मेले. चाफ्याची कोवळी पाने पिवळी पडली.

"दर्याचं पानी आत शिरलंय," दिनानाथ हताश होऊन म्हणाला. सिद्धेशने लगेच मान डोलावली. दिनानाथने माझ्यात तुरटीचा मोठा खडा फिरवला. बिचारी तुरटी! पाणी जरासे आम्लधर्मी करते खरी, पण रोजच्या त्या लोंढ्यापुढे तिचे काय चालणार?

सिद्धेशची बायको संपदा शाळेत विज्ञान शिकवते. तिने हळदीत भिजवून वाळवलेले दोन कागद आणले. एक समुद्राच्या पाण्यात बुडवला, तो पिवळाच राहिला. दुसरा माझ्यात बुडवला आणि तो लाल झाला.

"बाबा, मिठाने पाणी खारट होतं, पण हळद लाल होत नाही. मिठासारखा धुण्याचा सोडासुद्धा क्षारच, पण तो विरघळला की पाणी अल्कधर्मी होतं आणि हळद लाल होते. हे समुद्राचं नाही, आपल्या पाइपचं काम आहे. तो बंद करा, दोन पावसाळ्यांत बावखल सुधारेल."

मित्रांनो, किती आशेने मी दिनानाथकडे पाहिले! त्याने कागद उन्हात धरला. मुलाकडे पाहिले. मग कागद चुरगळून माझ्यातच टाकला.

"गावात कोनाला सांगू नको, पोरी. दर्याचंच पानी हाय ते."

संपदा उरलेला पिवळा कागद घेऊन घरात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आता मला बुजवणार आहेत. खारट तळ्याचा काय उपयोग, असे दिनानाथ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. चादरी वाळत घालायला जागाही हवीच होती. संपदा वर्गात तोच प्रयोग करून दाखवते, नळाच्या पाण्यात सोडा घालून. मुले टाळ्या वाजवतात.

मित्रांनो, तुम्हीही हा धडा पाठ कराल, पूर्ण मार्क मिळवाल. माझी काळजी घ्या, असे आता कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच मागते आहे: कागद लाल झाला, तर लाल झाला म्हणा. पाइप आपल्या घरातला असला, तरीही.