गाळलेलं वाक्य

पॅरिसहून एका मोठ्या साप्ताहिकाचे संपादक रायपूरला येणार आहेत, त्यांच्यासाठी फ्रेंच जाणणारं माणूस हवंय, असा निरोप शंकर नगरमधल्या उद्योजकांच्या एका संघटनेकडून आला, तेव्हा दीपमालाला आधी ती थट्टाच वाटली. राज्य नवं, राजधानी नवी. मंत्रालय अजून जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत बसत होतं. अशा गावात फ्रेंचचं काय काम? ती हैदराबादेत राहून फ्रेंच शिकून आली, तेव्हा रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी तिच्या आईला विचारलंच होतं, "इथं कोन बोलते ते?" कोणीच बोलत नव्हतं. दीपमाला एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होती आणि फ्रेंच तशीच पडून होती.

तिने हो म्हटलं आणि इंटरनेट कॅफेत जाऊन त्या संपादकाचं, एत्येन मार्शांचं, मिळेल ते सगळं वाचून काढलं. वाचताना तिला तो माणूस आवडायला लागला. बाप रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकणारा. फ्रान्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्या वर्षी मार्शां कॉलेज सोडून मोटार कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला. 'हातोडा' नावाचं चार पानी पत्रक तो स्वतः लिहायचा, स्वतः विकायचा. त्यापायी तुरुंगातही जाऊन आला. पुढे एका साप्ताहिकाने त्याला कामगारांच्या बातम्यांवर घेतलं. मग साप्ताहिकाचा मालक बदलला आणि त्याच्या लेखांचा सूरही हळूहळू बदलत गेला. युनियनचे दिवस संपले, असं त्याने एकदा लिहिलं. त्यानंतर तो संपादक झाला. आता दर आठवड्याला तो सरकारने कारखानदारांच्या वाटेतून बाजूला व्हावं असं लिहीत होता.

"बाबा, हा माणूस आधी आपल्यासारखा होता," तिने घरी सांगितलं.

शामराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मंग आता कोनासारखा आहे?"

मार्शां आला तो उंच, पांढऱ्या केसांचा, अतिशय नम्र माणूस. कॉलेजात दीपमालाशी कोणी प्राचार्य इतक्या आदराने बोलला नव्हता. ती बोलत असताना तो थांबायचा, तिचा शब्द अडला तर स्वतः सुचवायचा. संघटनेच्या गाडीत बसून त्यांनी मंत्र्यांच्या, कारखानदारांच्या मुलाखती घेतल्या. वाटेत ती धीर करून म्हणाली, "मी तुमचे जुने लेख वाचले. तुम्ही खूप बदललात."

तो हसला. "मी नाही बदललो. जग बदललं. माझे मित्र तिथेच उभे राहिले, मी चालत राहिलो."

वडील रेल्वेत होते हे ऐकून त्याने स्वतःहून तिच्या घरी यायचं म्हटलं. शामरावांच्या समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्याने झुणका-भाकर खाल्ली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली. बॉयलरच्या आगीसमोर बापाची छाती कशी भाजलेली असायची ते त्याने सांगितलं. शामरावांनी शर्टाची बाही वर करून आपला भाजल्याचा डाग दाखवला. दोघे मध्ये दीपमालाला बसवून कितीतरी वेळ बोलत राहिले. तो गेल्यावर शामराव म्हणाले, "मानूस चांगला आहे वं. कोळशाचा पोट्टा आहे."

म्हणूनच तिने त्याला कारखान्यांमागच्या कामगारवस्तीत, बीरगांवला नेलं. संघटनेच्या कार्यक्रमात बीरगांव नव्हतंच. ती म्हणाली, "उरला वसाहतीतले कारखाने तुम्ही मालकांच्या बाजूने पाहिले. एकदा मागच्या बाजूने पाहा." तो लगेच तयार झाला.

तिथे ती त्याला वनमालाच्या घरी घेऊन गेली. वनमाला मूळची गोंदियाकडची. तिचा नवरा तुळशीराम तिथल्या एका कच्चं लोखंड बनवणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत होता. भट्टी तुंबली तेव्हा तिच्या तोंडातून जळता कोळसा उसळला आणि त्यात तो गेला. कारखान्याचं म्हणणं होतं, त्याला तिथे जायला कोणी सांगितलंच नव्हतं. वनमालाने लेबर कोर्टात केस टाकली होती. दारातल्या काळ्या धुळीवर पाणी मारून तिने पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"ते लोक म्हणते का तो आपल्या मनानं भट्टीजवळ गेला," ती म्हणाली. "खोटं आहे ते. सुपरवायझरनं त्याले पाठवलं. त्यानं नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हटलं. मले फक्त इतकंच पाहिजे, का त्यायनं कबूल करावं."

दीपमालाने यातला शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला. 'खोटं आहे ते' सांगताना तिने आवाजही वनमालासारखाच चढवला. मार्शांने मान हलवली, लिहून घेतलं, निघताना वनमालासमोर दोन्ही हात जोडले. त्याच्यासोबत आलेल्या फोटोग्राफरने उंबऱ्यावर बसलेल्या वनमालाचा फोटो काढला.

अंक पावसाळ्यानंतर आला. संघटनेने दीपमालाला एक प्रत कौतुकाने पाठवली. जंगलातून उभी राहणारी राजधानी, असा मुख्य लेख. वनमालाचा फोटो पानभर होता. खाली तिचे शब्द होते: 'तो आपल्या मनानं भट्टीजवळ गेला.' आणि पुढे मार्शांचं स्वतःचं वाक्य, की या भूमीत दुःखालाही तक्रारीचा सूर नाही, ही विधवा कोणाला दोष देत नाही, तिला ठाऊक आहे की कारखान्याची भट्टी विझली तर चूलही विझेल.

शेवटी बारीक अक्षरांत होतं: मुलाखतींचा अनुवाद, दीपमाला.

तिने ते पुन्हा वाचलं. कुठेतरी पुढच्या ओळीत उरलेलं वाक्य असेल म्हणून पान उलटलं. नव्हतं.

"काहून अशी बसली?" शामरावांनी विचारलं.

तिने मराठीत वाचून दाखवलं. शामरावांनी अंक हातात घेऊन वनमालाचा फोटो पाहिला. मग म्हणाले, "आपल्या घरी जेवला तो."

तिने पॅरिसला फोन लावला. मार्शां ओळखीने, प्रेमानेच बोलला. वडिलांची तब्येत विचारली.

"तुम्ही तिचं वाक्य अर्धं कापलंत," दीपमाला म्हणाली. "कारखान्याचं म्हणणं तिच्या तोंडी घातलंत."

"लेखाला जागा मोजकी असते. संपादन म्हणजे कापणंच."

"तुम्ही 'खोटं आहे' कापलंत! तेवढंच तर तिचं होतं, बाकीचं त्यांचं होतं."

"हे पाहा, तुमच्या वयात मीही प्रत्येक कारखान्यात फक्त प्रेतं पाहिली. माझ्या वाचकाला आता ते नको आहे. त्याला हा देश पुढे जाताना पाहायचाय. तुमच्या देशाचं भलंच केलं मी."

"माझ्या देशाचं सोडा. दोन ओळींचा खुलासा छापा."

"ते शक्य नाही. अंक विकला गेला, विषय संपला."

"तुमचे वडील भट्टीत गेले असते आणि कोणी असं छापलं असतं तर?"

तो थंडपणे म्हणाला, "माझ्या वडिलांना यात आणू नका," आणि फोन ठेवला.

विषय संपला नव्हता. पुढच्या तारखेला कारखान्याच्या वकिलाने तोच लेख हिंदी भाषांतरासह कोर्टात दिला. परदेशातल्या नामांकित साप्ताहिकाला बाईने स्वतः सांगितलं की नवरा आपल्या मनाने गेला, आता काय उरलं, असं त्याचं म्हणणं.

दीपमालाला हे कळलं ते वनमालाकडूनच. वनमाला रेल्वे कॉलनीत शोधत शोधत आली आणि दारातच उभी राहून ओरडली, "ताई, तूनं काय सांगितलं त्याले? माह्या तोंडचं तूनं काय केलं?"

"मी बरोबर सांगितलं होतं, वैनी. त्यानं अर्धं गाळलं."

"मले काय माहीत तू काय बोलली त्याच्या भाषेत? मी तर तुह्या तोंडाकडे पाहून बोलली होती. तू आपली म्हणून बोलली."

दीपमालाचा राग आतापर्यंत मार्शांवर होता. आता तिला जाणवलं, की या बाईला गोऱ्या माणसासमोर बसवलं ते आपण. त्याचा बाप कोळसा टाकायचा एवढ्यावर विश्वास ठेवला तोही आपण.

"कोर्टात मी येते," ती म्हणाली. "मी बोलते."

"हव, ये," वनमाला म्हणाली. आत या म्हटलं तरी ती आली नाही.

बातमी संघटनेपर्यंत गेली. तिथल्या साहेबांनी दीपमालाला बोलावून गोड शब्दांत समजावलं, की आणखी पाहुणे येणार आहेत, तिच्यासारख्या मुलीला नव्या राजधानीत खूप संधी आहेत, आणि तिच्या कॉलेजचे अध्यक्ष आमच्याच कमिटीवर आहेत. तिने त्यांचा चहा तसाच ठेवला आणि उठून आली.

कोर्टात ती उभी राहिली तेव्हा कारखान्याचा वकील हसतच म्हणाला, "मैडम, अनुवाद आपका ही था ना? नाम छपा है आपका."

"जी. अनुवाद मेरा था, काट-छाँट मेरी नहीं थी."

"यानी इतने बड़े संपादक ने झूठ लिखा, और आप सच बोल रही हैं?"

"हो," ती चुकून मराठीत म्हणाली. मग हिंदीत सावकाश सांगितलं: वनमालाने आधी कारखान्याचं म्हणणं सांगितलं, मग ते खोटं आहे म्हणाली, मग सुपरवायझरचं सांगितलं. संपादकाने पहिलं ठेवलं आणि पुढचं काढून टाकलं. "यह औरत सामने बैठी है. उसी से पूछ लीजिए. पेरिस से पूछने की क्या ज़रूरत है?"

मागच्या बाकावर शामराव बसले होते. त्यांनी काठी जोरात जमिनीवर आपटली, तेव्हा शिपायाने त्यांना गप्प बसायला सांगितलं.

न्यायाधीशांनी वकिलाला विचारलं, लेख लिहिणाऱ्याला साक्षीला आणणार का? वकिलाने तारीख मागून घेतली. मार्शां आला नाही, त्याने काही लिहूनही पाठवलं नाही. लेख पुराव्यातून बाहेर गेला. मग वनमाला उभी राहिली आणि तिने तेच सांगितलं, जे उंबऱ्यावर बसून सांगितलं होतं. तुळशीरामसोबत कामाला असलेल्या एका माणसानेही, लेख बाद झाल्याचं ऐकून, सुपरवायझरने पाठवल्याचं सांगायची हिंमत केली. निकाल वनमालाच्या बाजूने लागला. कारखान्याची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

कारखान्याने बिलासपूरला हायकोर्टात अपील केलं. दीपमालाला पुढच्या वर्षी कॉलेजने घेतलं नाही. कारण कोणी दिलं नाही. तिने पुरानी बस्तीत एका खोलीत इंग्रजीचे क्लास सुरू केले.

मार्शांचं पुढे चांगलंच झालं. निवडणुकीत उजव्या पक्षाला उघड पाठिंबा देऊन तो नव्या सरकारात एका मंत्र्याचा सल्लागार झाला. कामगारांना कसं समजवावं, या विषयावर. दीपमालाने ते कॅफेतल्या पडद्यावर वाचलं आणि ती रागाने तशीच उठून घरी आली. तिने वडिलांना सांगितलं.

शामराव म्हणाले, "जाऊ दे म्हनत नाही मी तुले. राहू दे तो राग."

बिलासपूरच्या तारखेला सकाळच्या गाडीत वनमाला खिडकीशी बसली होती. दीपमाला डब्यात चढली, तेव्हा वनमालाने मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि सरकून जागा केली. गाडी भाटापारा स्टेशनात आली. मग वनमालाने विचारलं, "ताई, आज वकील इंग्रजीत बोलन का?"

"बोलेल."

"मंग तू मले एकूण एक सांगजो. चांगलं असो का वाईट. मधातलं काही सोडजो नको."

"नाही सोडणार," दीपमाला म्हणाली.