पंचवीस वेळा

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवली.

"तपासा. एक दिवस चुकवलेला नाही."

पानापानावर तारखा आणि त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा. आरशासमोर डावी भुवई उचलायची, सकाळ-संध्याकाळ पंचवीस वेळा. तीन महिन्यांपूर्वी हा गृहपाठ डॉक्टरांनीच दिला होता.

बाईंच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी त्यांनी वेळेत बंद केली होती. कानापुढून केसांच्या कडेने चीर द्यायची, कानशिलाजवळचं हाड झाकणासारखं उचलायचं, काम झालं की परत बसवायचं. ही वाट डॉक्टरांच्या पायाखालची. म्हणूनच असेल, त्या दिवशी भुवईची नस जिथून जाते त्या कानशिलावरच्या चरबीत रक्त दिसताच ते थांबवायला त्यांनी न बघता चटका दिला. कापडाखाली भुवई एकदाच फडकली. सिस्टरांनी मान वर केली. डॉक्टरांनी केली नाही. ऑपरेशनच्या कागदावर लिहिलं, 'भुवईची नस सुरक्षित'. बाईंना सांगितलं, सूज आहे, उतरेल.

"घरात काय शांतता आहे म्हणून सांगू!" बाईंचे यजमान हसले. "पूर्वी हिने भुवई उचलली की मी आणि सातवीचा वर्ग एकदमच गप्प व्हायचो."

"अहो, तुम्ही आताही गप्पच बसा." बाई डॉक्टरांकडे वळल्या. "जीव वाचवलात, तुमच्याकडे आणखी काय मागायचं? पण पोरं डोक्यावर बसलीत हो. अजून किती दिवस?"

त्यांनी करून दाखवलं. उजवी भुवई वर गेली. डावी ढिम्म.

कोपऱ्यात फायली लावणाऱ्या सिस्टरांचा हात थांबला.

डॉक्टरांचं बोट रकान्यांवरून खाली येत होतं. एका तारखेपुढे 'ताप' लिहिलं होतं, आणि त्यापुढे बरोबरची खूण. त्यांचे कान तापले.

"बाई, हा गृहपाठ मी उगाच दिला. सूज नव्हती. माझ्या हातून नस जळली."

यजमानांचं हसू ओठांवरच राहिलं.

"कधी कळलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"त्याच दिवशी. टेबलावरच."

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्याची पेन्सिल खिशात सापडलेल्या पोराकडे बघावं तशा बघत राहिल्या. मग वहीचं कोरं पान काढून पेन पुढे सरकवलं.

"हेच लिहा. वर तारीख घाला."

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव दोनदा पुकारून झालं. अकरा वाजून दहा मिनिटांनी पानावर फक्त तारीख होती. आजची नव्हे, ऑपरेशनची.