चाळीस टार्ट आणि एक कलाकार

तीन आठवड्यांचा बेकिंगचा कोर्स करून धाकटा दीर परतला, तो थेट कलाकार होऊनच. वहिनीच्या बेकरीतले चॉकलेट टार्ट अकरा वर्षं निमूटपणे खपत होते. आता त्यांच्या डोक्यावर मार्शमॅलो, म्हणजे साखरेचे मऊ फुगीर गोळे हवे, आणि तेही गिऱ्हाइकासमोर भाजलेले.

"वहिनी, नुसत्या चवीला आता कोण विचारतो? लोकांना बघायला काहीतरी लागतं."

"तुम्ही आहातच की, भावोजी," वहिनी म्हणाली आणि पीठ मळू लागली.

तरीही त्याने ऑर्डर आणलीच. एका शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. दुपारच्या जेवणाला चाळीस टार्ट हवे होते. टार्ट अर्थात वहिनीनेच केले. कलाकाराने फक्त नवाकोरा काळा एप्रन इस्त्री केला.

सभागृहात त्याने हातातला छोटा गॅसबर्नर पेटवला आणि भाषण सुरू केलं. मार्शमॅलो कसा हळुवार भाजावा, हे सांगता सांगता ज्योत त्याला अगदी चिकटवून धरली. मार्शमॅलो भडकला. पठ्ठ्याने फुंकर मारली, तसा जळता चिकट गोळा उडून टेबलक्लॉथवर पडला. वहिनीने शांतपणे त्यावर पातेलं पालथं घातलं.

"गॅसच खराब आहे," तो म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं. वहिनीने त्याच्या हातातून तोच बर्नर घेतला. ज्योत वीतभर लांब धरून गोल फिरवत राहिली. मार्शमॅलो फुगला, कडा बदामी झाल्या, वरून पापुद्रा धरला. एकामागून एक नऊ टार्ट झाले. हॉलमध्ये खमंग वास सुटला.

मोठ्या बाईंनी एक खाल्ला. "छान. कुणी केलं हे?"

"आम्ही," कलाकार पटकन म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षं गृहपाठ न आणणाऱ्यांच्या सबबी ऐकलेली ती नजर होती. "असं? मग यानंतरचा तुम्ही करून दाखवा."

त्याचे कान लाल झाले. पहिला पुन्हा काळा पडला. दुसरा एका बाजूने पांढराफटकच राहिला.

"लांब धरा," वहिनी पुटपुटली. "आणि तोंड बंद ठेवा. दोन्ही जमलं तर भाजेल."

घाम पुसत, ओठ दाबून, तो पुढचे भाजत गेला. बरेचसे खपण्याजोगे होते. शेवटचे तीन मात्र चांगले झाले. इतके की वहिनीला दोष काढायला जागाच सापडेना, आणि याचाच तिला राग आला.

"बरे झालेत ना?" त्याने विचारलं.

"काळे नाहीत," ती म्हणाली.

मग तो एप्रन सोडत असताना तिने ते तिन्ही उचलले आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले.